न पाहिलेल्या मालाची दलाली

"बाबा, तुमच्या शब्दावर परदेशात हळद खपलीय," असं अपूर्वा खांद्याला पर्स अडकवता अडकवता सहज म्हणाली, आणि विष्णुपंतांच्या डाव्या हातातली चहाची बशी ओठांपाशी जाऊन तिथेच थांबली. सकाळची वेळ. दारात तिची स्कूटी उभी, कुपवाडला कारखान्याच्या कचेरीत वेळेवर पोचायची घाई, आणि ही पोरगी उंबऱ्यावरून असलं काहीतरी टाकून चालली, म्हणजे काय म्हणावं! "कुणाला खपली?" त्यांनी विचारलं. "ते दुकान सांगत नाही. साठ-सत्तर जण आहेत. काल दुकानाची मेल आली. त्यांनी इंटरनेटवरचं तुमचं पान वाचलं, तिथूनच दुकानात गेले आणि हळद घेतली." स्कूटी सुरू झाली, गल्लीच्या वळणावर आवाज विरला. स्वैपाकघरातून शकुंतलाबाई म्हणाल्या, "अहो, चहा निवतोय." तो निवलाच. बशीवर साय धरली तरी विष्णुपंत आपले दाराकडे बघत बसलेले. साठ-सत्तर माणसं! यार्डात सौद्याला तेवढी जमली तर गाळ्यासमोर पाय ठेवायला जागा राहत नाही, कुणाच्या तरी चपलेवर कुणाचा तरी पाय पडतो आणि दोन शिव्या हासडल्या जातात. इथे तेवढी माणसं आपल्या शब्दामागून चालत कुठल्याशा दुकानात शिरली, आणि आपल्याला साधी चाहूलसुद्धा लागली नाही.

ते पान तसं आजारपणातलं. गेल्या वर्षी थंडीत विष्णुपंतांना झटका आला, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना बोलतं ठेवा, गप्प बसू देऊ नका. आता आजारी माणसाला बोलतं ठेवायचं म्हणजे विचारायचं तरी काय? शकुंतलाबाई आपल्या माहेरच्या माणसांची नावं विचारायच्या आणि विष्णुपंत चिडून भिंतीकडे तोंड करायचे. अपूर्वाने मात्र बरोबर नस पकडली. खाटेशेजारी स्टूल ओढून ती म्हणाली, "बाबा, चांगली हळद ओळखायची कशी?" झालं! बोबड्या जिभेला जे सुटलं ते थांबेना. हळकुंड मोडताना कसा आवाज यावा, मोडल्यावर गाभा कसा दिसावा, आपल्याकडच्या राजापुरीचा वास कसा आणि आंध्रातल्या कडप्प्याचा कसा, पाणी लागलेला माल पोत्याच्या बाहेरूनच कसा कळतो. शब्द ओठाच्या कोपऱ्यातून लाळेबरोबर निसटायचे, ती रुमालाने तोंड पुसायची आणि पुढचं विचारायची. मग तेच कचेरीत जाऊन इंग्रजीत उतरवायची, इंटरनेटवर चढवायची, खाली लिहायची, 'विष्णुपंत, हळदीचे दलाल, सांगली.' पुढे कधीतरी तिने त्या पानाच्या तळाशी अमेरिकेतल्या एका मसाल्याच्या दुकानाची निळी ओळ जोडली. वाचणाऱ्याने त्या ओळीवर टिचकी मारली की दुकान उघडायचं. गिऱ्हाईक आलं कुठून हे दुकानाला आपोआप कळायचं, आणि विक्री झाली तर त्यातला वाटा पान लिहिणाऱ्याला. "याला तिकडे अ‍ॅफिलिएट म्हणतात," ती म्हणाली होती. "दलाल म्हण की सरळ," विष्णुपंत म्हणाले होते, आणि दोघं हसली होती. मग ते ती गोष्ट विसरूनही गेले.

आज ती साठ-सत्तर माणसं दिवसभर त्यांच्याबरोबर घरात हिंडत राहिली. आंघोळीच्या पाण्यात हात घालताना, देवापुढे बसताना, जेवताना वरणाच्या पिवळ्या रंगाकडे बघताना. कोण असतील? एखादी म्हातारी असेल, एखादा नुकता लग्न झालेला असेल, कुणी खोकला झाला म्हणून दुधात घालायला घेतली असेल. त्यांच्या घरांना माड्या असतील का, त्यांच्या चुलीवर काय शिजत असेल? विष्णुपंतांना खरीदार म्हटला की आधी त्याचा हात आठवतो. चेहरा मागाहून. पस्तीस वर्षं त्यांनी रुमालाखाली हात वाचले. माल समोर ओतलेला असतो, भोवती ही गर्दी, आणि दलाल आपल्या हातावर रुमाल टाकतो. एकेक खरीदार त्याखाली हात घालतो आणि तोंडातून अक्षर न काढता दलालाची बोटं दाबतो. हजाराचा आकडा सगळ्यांनाच ठाऊक असतो, ओढाताण असते ती वरच्या शेकड्यांची. जितकी बोटं दाबली तितके शेकडे. वर तोंडं कशी, तर जशी लग्नाला आलीत! कुणी पान चघळतंय, कुणी आभाळाकडे बघतंय, आणि खाली रुमालात खरं काय ते चाललेलं. कुणाचा तळहात घामेजलेला, म्हणजे गडी अडलाय, आणखी चढेल. कुणाची पकड सैल, म्हणजे नुसता बघायला आलाय. जतकडच्या बिराप्पाची करंगळी सांध्यात वाकडी, ती लागली की रुमालाखाली ओळख पटायची. हात खोटं बोलत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि ही परदेशातली माणसं तर बिनहातांची. नुसती आली आणि विश्वास टाकून गेली. ह्या गोष्टीचा त्यांना इतका अचंबा वाटला की दुपारी आडवं झाल्यावर डोळ्यांना पाणी आलं.

तशाच आडव्या अवस्थेत हरिपूरची पेवं आठवली. जमिनीखाली खणलेल्या, वरून तोंड बंद केलेल्या त्या खड्ड्यांत हळद साठवायची. वर्षं गेली तरी किडा लागत नाही. विष्णुपंत पोरवयात पहिल्यांदा पेवात उतरले ते कमरेला दोर बांधून. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आतली कोंडलेली हवा माणसाला खाते. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर मग माणूस. खाली अंधार, पायाखाली खचणारी हळद, नाकातोंडात, डोळ्यांत वास. वरून वडील हाक मारत होते, "विष्णू, माल कसा आहे?" आणि त्या अंधारात, काही दिसत नसताना, त्यांनी मूठ भरली आणि बोटांनीच सांगितलं, "कोरडा आहे! चांगला आहे!" तो हात तेव्हापासून त्यांचा झाला. त्याआधी तो नुसता शरीराला लागलेला होता. झटका आला तेव्हा ते पुन्हा तसेच खाली होते आणि अपूर्वा वरून हाका मारत होती. बाहेर आले खरे. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला. उजवा हातही वर उठायला लागला, मूठ वळायला लागली. लोक म्हणाले, नशीब बलवत्तर. पण त्या हाताला काही कळत नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. विस्तव ठेवला तरी कळणार नाही, इतका तो आतून मेलेला होता.

आणि तसाच तो हात घेऊन ते गेल्या मोसमात यार्डात गेले होते. काय म्हणून गेलो, असं आता रोज वाटतं. हंबीररावांचा माल होता. हंबीरराव कराडकडचे, फौजेतून परत आलेले, उसाच्या जोडीला हळद करणारे. बिराप्पाने रुमालाखाली हात घातला. विष्णुपंतांना मनगटापर्यंत काहीतरी ओढ जाणवली, पुढे काही नाही. त्यांनी अंदाजाने पाच पुकारले. एक क्षणभर बिराप्पाचे डोळे त्यांच्या तोंडावर थांबले. मग तो म्हणाला, "व्हय की, पाचच!" आणि जाताना त्याने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्या थोपटण्याने सगळं सांगितलं. त्याने चार दाबले होते. दलालाची चूक त्याने मुकाट्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती, आजारी माणूस म्हणून! शिव्या दिल्या असत्या, भर बाजारात तमाशा केला असता, तर विष्णुपंत दुसऱ्या दिवशी ताठ मानेने परत गेले असते. कीव मात्र त्यांना सोसली नाही. डॉक्टरांनी ऊन नको सांगितलंय, एवढं सगळ्यांना सांगून ते घरी बसले ते बसलेच. यंदा नवी हळद यायला लागली तेव्हा हंबीरराव घरी आले, पटका मांडीवर ठेवून बसले. "आवं विष्णुपंत, माल शिजवून, वाळवून तयार हाय. तुमी न्हाई म्हनल्यावर मी कुनाच्या गाळ्यावर टाकू?" "दुसरा दलाल बघा, हंबीरराव." "वीस वर्सं दुसरा बघितला न्हाई, आता काय बघतो. तुमी येस्तवर माल घरातच ऱ्हाईल. पर लय दिस लावू नका, एवढंच." ते गेले. शकुंतलाबाईंनी त्या दिवशी भांडी जरा जोरात आपटली. विष्णुपंतांना पक्कं ठाऊक होतं, यंदा गेलो नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही, आणि मग आपल्या नावापुढे दलाल लावणं हे नुसतं त्या पानावरच उरेल.

त्या पानावर! संध्याकाळी अपूर्वा घरी आली आणि त्यांनी तिला दारातच गाठलं. "त्या दुकानाचा माल कसा आहे?" "म्हणजे?" "म्हणजे हळद कशी आहे? मी पाहिली नाही, हात घातला नाही, आणि माझ्या नावाखाली विकली जातेय." "बाबा, असंच असतं ते. सगळेच असं करतात. कुणी माल बघत नाही." "सगळे दलाल नसतील." ती हसली. त्यांना हसू आलं नाही. त्यांच्या पेढीचा एक रिवाज होता, वडिलांपासूनचा. रुमाल टाकायच्या आधी मालात जी काही खोट असेल ती दलालाने मोठ्याने पुकारायची. पाणी लागलंय, जुना आहे, शिजवताना कच्चा राहिलाय. शेतकरी चिडायचे. हंबीररावही पहिल्या वर्षी चिडून तीनताड उडाले होते, माझ्याच मालाची खोट माझाच दलाल काढतोय म्हणून. पण खोट सांगून झाल्यावर जो भाव यायचा तो पक्का यायचा, मागाहून कुणाची कुरकुर नाही. पुढच्या वर्षी तेच हंबीरराव गाड्या घेऊन सरळ यांच्या गाळ्यावर आले. खोट न पुकारता विष्णुपंतांनी आयुष्यात कधी रुमाल टाकला नव्हता. "वानगी मागव," ते म्हणाले. "अमेरिकेहून सांगलीला हळद मागवायची?" अपूर्वाने कपाळाला हात लावला. "लोक वेडे म्हणतील, बाबा!" "म्हणू देत की."

रविवारी ती त्यांना स्कूटीवर मागे बसवून कुपवाडला घेऊन गेली. सुट्टीचा दिवस, यंत्रं बंद, तेलाचा वास आणि शांतता. टेलिफोनच्या तारेतून काहीतरी किंचाळलं, खरखरलं, आणि कॉम्प्युटरच्या काचेवर वरून खाली हळूहळू पान उतरू लागलं, पडदा सोडावा तसं. आपलं नाव त्यांनी इंग्रजी अक्षरांत वाचलं. "हे आत्ता इथे दिसतंय, तसंच तिकडेही दिसतं?" "आत्ता, ह्या क्षणी, कुठेही." तिने त्यांचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला. "हलवा." हाताखाली काही आहे हे हाताला कळत नव्हतं. पण त्यांनी खांद्यातून जोर लावला, आणि समोर काचेवर एक लहानसा बाण हलला. ते थांबले, बाण थांबला. डावीकडे ओढला, डावीकडे गेला. अरे! ज्या हाताला स्वतःच्या बोटांचा पत्ता नाही, त्याचं तिथे ऐकलं जात होतं. निळ्या ओळीवर बाण आणून त्यांनी बोट दाबलं. दाबलेलं कळलं नाही, टक असा आवाज तेवढा ऐकू आला, आणि समुद्रापलीकडचं दुकान उघडलं. बाटल्यांची चित्रं, पिवळी, लाल, हिरवी. त्यांच्या अंगावर काटा आला. ती माणसं अशीच टक करून आत गेली असणार, आपल्या वाकड्या तोंडून निघालेल्या शब्दांवर हवाला ठेवून. निघण्याआधी तिने दुकानाला वानगीसाठी मेल तेवढी पाठवली.

पार्सल आलं तेव्हा गल्लीत बातमी झाली. सांगलीला परदेशाहून हळद आली म्हणजे हसण्यासारखंच की! विष्णुपंतांनी कुणाला उघडू दिलं नाही. डाव्या हाताने झाकण फिरवलं, डोळे मिटले, बाटली नाकाशी नेली. आधी ओळख पटली. राजापुरी. आपल्याच बाजूची माती, कदाचित ह्याच यार्डातून कुणाच्या तरी रुमालाखालून गेलेली, मुंबईला, तिथून बोटीने, आणि आता पृथ्वी पालथी घालून परत दारात आलेली! ते इतके भारावले की शकुंतलाबाईंना हाक मारून म्हणाले, "अगं, माहेरी आलीय ही." मग त्यांनी पुन्हा वास घेतला. चिमूट डाव्या तळहातावर चोळली, जिभेवर ठेवली. आणि त्यांचा चेहरा उतरला. भेसळ नव्हती, रंग घातलेला नव्हता. पण जुनी होती. दळून फार दिवस झाले होते, वास उडून गेला होता, नुसता पिवळेपणा उरला होता. संध्याकाळी त्यांनी अपूर्वाला सांगितलं, "पानावर लिही. ह्या दुकानाची हळद खरी आहे, पण दळून जुनी झालेली आहे, मी स्वतः पाहिली."

"बाबा, ते आपलं नाव काढून टाकतील. आपण त्यांचा माल विकायचा आणि आपणच नावं ठेवायची, असं कुणी करत नाही." "खोट पुकारायची म्हणजे नावं ठेवणं नव्हे." "त्यांना ते कळणार नाही. मी किती खटपट केली ह्याच्यासाठी! मला वाटत होतं, हेच पुढे वाढवावं, नोकरी सोडावी..." तिचा आवाज भरून आला, आणि मग एकदम, आपण काय बोलतोय हे कळायच्या आत, ती म्हणाली, "आणि खोट पुकारायची एवढी हौस आहे तर तुमच्या हाताची कुठे पुकारलीत? मी तुम्हाला माउस धरायला दिला तेव्हा बघितलंय, बाबा. तुम्हाला काही कळत नाही त्या हाताने. आईलाही ठाऊक आहे. तुम्ही आमटीची वाटी गरम आहे का ते डाव्या हाताने बघता." शकुंतलाबाई दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. विष्णुपंतांना आधी राग आला. मग लाज वाटली, आणि त्या लाजेच्या तळाशी कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. म्हणजे ह्या घरात वर्षभर तिघं तीन रुमालांखाली हात घालून बसली होती तर. "तू म्हणतेस ते खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "पण तू ते लिही." तिने दुसऱ्या दिवशी लिहिलं.

दुकानाने नाव काढलं. चार ओळींची मेल आली, करार मोडला म्हणून. निळी ओळ निर्जीव झाली, टिचकी मारली तरी काही उघडेना. अपूर्वाने ती पुसून टाकली, पण पान राहू दिलं, आणि खोट पुकारलेली ओळही राहू दिली. ती दोन दिवस घुम्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच आत आली. हातात एक कागद, कॅनडातल्या कुण्या बाईची मेल छापून आणलेली. तिने उभ्याउभ्याच मराठीत करून वाचली. 'तुमच्या सांगण्यावरून मी ती हळद घेतली होती. तुम्ही नवीन लिहिलंत ते काल वाचलं आणि बाटली उघडून वास घेतला. बाहेर बर्फ पडत होता. तुमचं खरं आहे, वास नाही. आता मी हळद कशी निवडावी, ते सांगाल का?' विष्णुपंतांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी डोळे मिटले. बर्फातलं घर, बाटली नाकाशी नेलेली ती अनोळखी बाई, आणि इथे हीच हळद, हाच उडालेला वास. दोघांच्या नाकांनी एकच खोट धरली होती. जगाच्या पाठीवर असंही घडतं! छाती भरून आली त्यांची. "आता दलालीसुद्धा नाही मिळायची, बाबा," अपूर्वा म्हणाली, पण रडल्यासारखी नव्हे. "उत्तर उद्या सांगतो तुला," ते म्हणाले. "आधी हंबीररावांना निरोप धाड. म्हणावं, माल घेऊन या."

यार्डात ते गेले तेव्हा गाळ्यावर क्षणभर सगळे उठून उभे राहिले आणि मग आपण का उठलो हे न कळून परत बसले. हंबीररावांची हळद ओतलेली होती, उन्हात झगझगत होती. विष्णुपंतांनी डाव्या हाताने एक हळकुंड उचललं, मोडलं, आवाज ऐकला. मालात खोट नव्हती. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. सगळी गर्दी रुमाल पडायची वाट बघत होती.

"माल निर्मळ आहे," ते मोठ्याने म्हणाले. "खोट दलालात आहे. माझा उजवा हात मेलाय. त्याला काही कळत नाही. गेल्या वर्षीही कळत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ज्यांना डावा हात चालेल त्यांनी यावं."

कुणी हललं नाही. डाव्या हाताने सौदा! कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हंबीररावांकडे बघितलं, कारण भाव बुडणार तो त्यांचा. हंबीरराव पटका सावरत एवढंच म्हणाले, "माल माझा हाय. दलाल बी माझाच हाय. टाका रुमाल." विष्णुपंतांनी डाव्या हातावर रुमाल टाकला आणि हात पुढे धरला.

बिराप्पा पुढे आला. त्याने सवयीने उजवा हात पुढे केला, मग थांबला, मागे घेतला, आणि आपला डावा हात रुमालाखाली घातला. ह्या हाताची करंगळी सरळ होती. हा हात विष्णुपंतांना अगदी अनोळखी होता, पस्तीस वर्षांत एकदाही भेटला नव्हता. तळवा खरखरीत, गरम, थोडा घामेजलेला. त्याने एक बोट धरलं. ते कळलं. दुसरं. तेही कळलं. तिसरं, चौथं. प्रत्येक बोट वेगळं, जिवंत, नखापर्यंत कळत होतं. विष्णुपंत पाचव्याची वाट बघत उभे राहिले. पाचवं आलं नाही.

"चार," ते म्हणाले.

बिराप्पाने हात काढला नाही. रुमालाखाली तो तसाच ठेवून तो हळूच म्हणाला, "यंदा बरोबर ऐकलासा की ओ, दलाल."